अंथरुणावरच्या मुलासाठी काय घ्यावं: रंग, ठोकळे, पुस्तकं की टॅबलेट?

खेळण्याच्या खोक्यावर वय लिहिलेलं असतं, पण ते धडधाकट मुलाचं वय असतं. मूल जमिनीवर बसलंय, दोन्ही हात मोकळे आहेत, पडलेला तुकडा वाकून उचलता येतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. अंथरुणावरच्या मुलाच्या बाबतीत यातलं काहीच धरून चालत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी आईबाबांना एक फोन करा. त्याला टेकून बसता येतं की उताणंच झोपायचंय? सलाईनची सुई किंवा प्लास्टर कोणत्या हाताला आहे? डोकं किंवा डोळे दुखतात का? आणि हे किती दिवस चालणार? आठ वर्षांचं मूल ताप उतरताना पाच वर्षांच्या मुलासारखं वागतं, सोपं आणि ओळखीचं मागतं. तेव्हा शंका असेल तर वयापेक्षा थोडं सोपंच घ्या.

आधी टेबल, मग खेळणं

माझा कौल आधीच सांगून टाकते. मुक्काम आठवड्याहून मोठा असेल, तर सगळ्यात चांगली भेट म्हणजे पायांवरून बसणारं छोटं टेबल. त्याला कडा उचललेली हवी, म्हणजे पेन्सिली घरंगळत नाहीत, आणि वरची फळी तिरपी करता आली तर उत्तमच. मुलांना ही भेट कंटाळवाणी वाटते, पण पुढे येणारी प्रत्येक गोष्ट तिच्यामुळे वापरात येते. मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो १९२५ साली, अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात जबर जखमी झाली. अंथरुणात पडून चित्र काढता यावं म्हणून आईनं तिच्यासाठी खास ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, बनवून घेतली आणि पलंगाच्या वर आरसा बसवला. नुसते रंग आणून दिले असते, तर ते उशाशी पडून राहिले असते.

मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल तर टेबलाच्या फंदात पडू नका. जाड पुठ्ठा आणि चिमटा पुरे होतो.

रंग-कागद की ठोकळे?

खरी चुरस या दोघांतच आहे, कारण तासभर गुंतवून ठेवण्याची ताकद दोन्हींत आहे.

चित्रकलेच्या बाजूनं मोठा मुद्दा असा की ती एका हातानं होते, अर्ध्यात सोडता येते आणि आवाज करत नाही. मूल दहा मिनिटांत दमलं तरी काही मोडत नाही. उताणं झोपलेल्या मुलाला बॉलपेन देऊ नका, नीब वर असली की शाई उतरत नाही आणि मूल वैतागतं. पेन्सिल कशीही धरली तरी चालते. खडू तुटतात आणि अंगाखाली चुरडतात, जलरंगात पाणी सांडतं. रंगीत पेन्सिली किंवा धुऊन जाणारी स्केचपेनं हाच मधला मार्ग. (चादर काळपट रंगाची घाला, कटकट अर्ध्यावर येते.) आंरी मातीसची गोष्ट इथे आठवते. विशीत अपेंडिक्सच्या दुखण्यानं पडून असताना आईनं वेळ घालवायला रंगाची पेटी आणून दिली, आणि कायद्याचं शिक्षण घेतलेला हा मुलगा चित्रकार झाला. तुमच्याकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही.

ठोकळ्यांची अडचण गादीपासून सुरू होते. गादी दबते, मूल कुशीवर वळलं की बांधलेलं कोसळतं आणि तुकडे पांघरुणात हरवतात. एकमेकांत घट्ट अडकणारे ठोकळे असले तर हा त्रास कमी, नुसते रचायचे असतील तर घेऊच नका. दोन्ही हात लागतात, हेही खरं. तरीही ज्या मुलाला चित्रं काढायला मुळातच आवडत नाहीत, त्याला आजारपणात रंग देऊन ती आवड लागेल ही आशा सोडा. त्याला ठोकळे द्या आणि सोबत उंच कडांचा ट्रे द्या, म्हणजे अर्धवट बांधलेलं तसंच उचलून बाजूला ठेवता येतं. जिगसॉचंही हेच. तो ट्रेमध्ये मावेल एवढाच घ्या.

प्लास्टर असेल तर मात्र माझं पारडं रंगांकडे झुकतं. बारीक तुकडे, मणी, वाळू, चमकी प्लास्टरच्या आत शिरली की बाहेर काढणं कठीण, आणि त्यानं कातडी सोलवटते. खाज सुटली की मूल हाताला लागेल ती लांब वस्तू आत घालतं, म्हणून विणायच्या सुया आणि लांब काड्या नकोत. पेन्सिलीवरही लक्ष ठेवा. प्लास्टरवरच चित्र काढू द्यावं का? साधारणपणे हरकत नसते, पण ते पुरतं वाळलेलं हवं आणि स्केचपेननं हलक्या हातानं.

टॅबलेट की ऐकायच्या गोष्टी?

स्क्रीनला सरसकट वाईट म्हणणारे लोक बहुधा आजारी मुलासोबत रात्रभर बसलेले नसतात. ड्रेसिंग बदलताना, सुई टोचताना आवडतं कार्टून लावलं तर मुलाचं लक्ष दुखण्यावरून खरंच हटतं. वर्गातल्या मित्रांचा व्हिडिओ कॉल तर औषधासारखा लागू पडतो. पण डोक्याला मार बसला असेल तर पहिले एक-दोन दिवस स्क्रीन जवळजवळ बंदच ठेवायला डॉक्टर सांगतात, अशा वेळी टॅबलेट भेट देणं म्हणजे त्या घरात भांडण नेऊन ठेवणं. शिवाय झोपून टॅबलेट तोंडावर धरला की हात भरून येतात आणि तो नाकावर आदळतो. द्यायचाच तर स्टँडसकट द्या.

ऐकायच्या गोष्टींना यातलं काहीच आड येत नाही. डोळे मिटून, कुशीवर वळून, दोन्ही हात बांधलेले असतानाही ऐकता येतं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर हाच पहिला पर्याय. घरच्यांच्या, मावशीच्या, आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड केलेली गोष्ट विकतच्यापेक्षा जास्त वेळा ऐकली जाते. हेडफोन घेताना आवाजाला मर्यादा असलेला बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांसाठी ७५ डेसिबल, तेही आठवड्याला ४० तासांपर्यंत, ही सुरक्षित पातळी धरली जाते.

छापील पुस्तकांबद्दल थोडक्यात: पातळ, मऊ बांधणीचं घ्या. जाडजूड पुस्तक टाके घातलेल्या पोटावर टेकवता येत नाही. विनोदाचं पुस्तक पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर लपवून ठेवा, हसताना टाके ओढले जातात. हसू आलंच तर पोटाशी उशी घट्ट धरायला शिकवा.

एकट्याचा खेळ की दोघांचा?

कँडी लँड हा पटावरचा खेळ एलेनॉर ॲबट या शिक्षिकेनं स्वतः पोलिओतून बरं होत असताना, सोबतच्या आजारी मुलांसाठी तयार केला. १९४९ साली तो बाजारात आला. त्यात वाचायचं नसतं, मोजायचं नसतं, पत्ता उचलायचा आणि त्या रंगाच्या घरावर जायचं. दमलेल्या डोक्याला नेमकं हेच झेपतं. बुद्धिबळापेक्षा सापशिडी बरी ती याचसाठी. आजारी मूल हरलं की जास्त रडतं, आणि सापानं गिळलं तर दोष फाशाचा असतो.

दोघांच्या खेळाची अट एकच, दुसरं माणूस हवं. आईबाबा थकलेले असतील तर नवा खेळ त्यांच्यावर आणखी एक काम होऊन बसतो. म्हणून खेळ देणार असाल तर सोबत तुमचा वेळही द्या: शनिवारी चार वाजता येऊन खेळीन, असं सांगा आणि या. एक हात बांधलेला असेल तर पत्ते जाड बंद पुस्तकाच्या पानांत खोचून उभे करता येतात.

शोभेच्या गोष्टी

सॉफ्ट टॉय लहानांना आवडतो. मशीनमध्ये धुता येणारा घ्या, फार मोठा नको, पलंगावर जागा मुलालाही लागते. फुलं आणि रबरी फुगे अनेक रुग्णालयांत चालत नाहीत, फुटलेला फुगा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. साबणाच्या बुडबुड्यांची बाटली मात्र दिसते त्यापेक्षा कामाची आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलं दुखेल म्हणून वरवर श्वास घेतात, बुडबुडे फुंकताना तो आपोआप खोल जातो. नाक, डोळे किंवा घशाची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दिवे लागणारी, गाणारी खेळणी घेताना सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का पाहा. बटणासारखा चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा ती आतून भाजू शकते. सुटे, छोटे, ताकदवान चुंबक घरात नेऊच नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात.

एक मोठं की रोज एक छोटं?

तीन दिवसांचं आजारपण असेल तर एकच वस्तू, मनासारखी. महिनाभराचं असेल तर तेवढ्याच खर्चात छोट्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा: एकीत कोड्यांचा कागद, एकीत घडीकामाचे चौकोनी कागद, एकीत स्टिकर, एकीत मित्राचं पत्र. सगळं एकदम दिलं तर पहिल्या संध्याकाळी उघडून होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारचे तीन वाजता वाजत नाहीत. पुड्या आईच्या ताब्यात द्या, म्हणजे वाईट दिवशी दोन उघडता येतील. घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्या नावाचीही एक पुडी घाला, कारण गेले कित्येक दिवस त्याच्याकडे कोणी बघितलेलं नसतं.