65 डॉलरचा पंखा आणि लोणच्याची बरणी: यीस्ट स्टार्टरचे आठ महिने

घरी बिअर करताना यीस्ट आधी थोड्या द्रवात वाढवून घेतो, त्याला स्टार्टर म्हणतात. त्यासाठी घेतलेल्या स्टर प्लेटने परवा रात्री मान टाकली. वर फ्लास्क ठेवायचा आणि आतली चुंबकाची कांडी फिरवून ती ढवळते, एवढंच तिचं काम. आधी खडखड झाली, मग दिवा चालू आणि कांडी ढिम्म. घेऊन आठ महिने झालेले, वॉरंटी नव्वद दिवसांची. विकणाऱ्याला मेल केला तर म्हणे सुटा भाग मिळत नाही, नवी घ्या, दहा टक्के सूट देतो. चिडून चार स्क्रू काढले. आत कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसला पंखा आणि त्यावर चिकटवलेली दोन चुंबकं, त्यातलं एक सुटलेलं. याचे मी 65 डॉलर मोजले होते! फ्लास्कचे 25 वेगळे.

राग प्लेटवर आहे, स्टार्टरवर नाही. लिक्विड यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण 100 अब्ज पेशी असतात. 1.048 ग्रॅव्हिटीच्या (आंबण्याआधीच्या द्रवाची घनता) पाच गॅलन एल बिअरला 170 अब्जांच्या आसपास लागतात, थंडाव्यात आंबणाऱ्या लागर बिअरला त्याच्या दुप्पट. त्यात आम्ही न्यू जर्सीत, जुलैत पाकीट दारात येईपर्यंत आइस पॅकचं पाणी झालेलं. तसंच पाकीट मी एकदा थेट पेल एलमध्ये ओतलं होतं. 38 तास एअरलॉकमध्ये (भांड्याच्या तोंडावरची, गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) एक बुडबुडा नाही. रात्री दोनदा उठून बघून आलो. पुढच्या वेळी तीच रेसिपी, पण स्टार्टर करून, आणि सात तासांत बुडबुडे. चवीत फरक? मला वाटला. मित्रांनी दोन्ही सारख्याच संपवल्या.

स्टार्टरची कृती अशी: लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम डीएमई (मॉल्टची, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची पावडर), दहा मिनिटं उकळी, थंड करून यीस्ट, तोंडावर सैल फॉइल. उकळी मात्र पातेल्यात काढा. फ्लास्कची मान अरुंद, उतू गेलं की काचेच्या शेगडीवर मॉल्टचा पाक जळून बसतो.

आता ती कांडी. इंचभर पांढरी गोळी, पण माझा सगळ्यात जास्त जीव तिनेच खाल्ला. वेग जरा पटकन वाढवला की ती उडून कडेला जाऊन तडफडते. पुन्हा शून्यावर आणा, पुन्हा हळूहळू वाढवा. रात्री अकराला बायको विचारते, "तुझं यंत्र झोपणार आहे का आज?" अकरा बॅचेसमध्ये दोनदा ती यीस्टबरोबर फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) गेली आणि थेट बाटल्या भरायच्या दिवशी तळाशी सापडली. ओतताना फ्लास्कला बाहेरून चुंबक धरायचं असतं, हे मला दुसऱ्यांदा गेल्यावर कळलं. फ्रिजवरचं चुंबक पुरत नाही, करून बघितलंय.

आई सध्या सांगलीहून आलेली आहे. फ्लास्क बघून म्हणाली, "विरजण लावून कुणी ढवळत बसतं का रे?" तिला सांगितलं, दह्याचं वेगळं, यीस्टला वाढायला ऑक्सिजन लागतो, ढवळलं की हवा आत जाते. "मग बरणी हलव की."

प्लेट गेल्यावर तेच केलं. लोणच्याची गॅलनची काचेची बरणी सॅनिटायझ केली, लिटरभर वर्ट (तेच उकळून थंड केलेलं मॉल्टचं पाणी), यीस्ट, झाकण घट्ट, आणि आत नुसता फेस दिसेपर्यंत हलवली. मग झाकण सैल. दुसऱ्या दिवशी जोरात असतानाच सगळं फर्मेंटरमध्ये. नऊ तासांत बुडबुडे. म्हणजे 65 डॉलर मी दोन तासांसाठी दिले. स्टार्टरला पाचपैकी साडेचार, प्लेटला एक.

तीन आठवड्यांनंतर: प्लेटचा एक म्हणजे जरा रागाच्या भरात दिलेला होता. लागर करायची ठरवली आणि दोन लिटर भरलेली बरणी हलवताना खांदा बोलायला लागला. शेवटी तीन डॉलरचं इपॉक्सी आणून चुंबक चिकटवलं. चालतेय, आणि आता खडखडही कमी. अडीच देतो. ड्राय यीस्टवाल्यांनी हसू नये, तुम्हाला स्टार्टर लागत नाही हे मला ठाऊक आहे.

खरी बचत वेगळीच निघाली. स्टार्टर अर्धा लिटर जास्त करायचा आणि तेवढं यीस्ट जॅमच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवायचं, पुढच्या बॅचचं विरजण. वर ठसठशीत चिठ्ठी लावा, आमच्याकडे ती बाटली चटणी समजून एकदा टेबलावर आली होती. 13 डॉलरच्या एका पाकिटात शेवटच्या चार बॅचेस झाल्या, म्हणजे 39 वाचले. प्लेट, फ्लास्क आणि इपॉक्सी मिळून 93. अजून 54 वसूल व्हायचेत. डीएमईचा खर्च यात धरलेला नाही, आणि धरणारही नाही.