भाडेकरूंच्या खोल्यांसाठी घेतलेले सबमीटर आणि पाण्याचा मीटर, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

पुण्यात धायरीला आमच्या घरामागे दोन खोल्या भाड्याने दिल्यात. लाईटचा मेन मीटर एकच आणि पाणी पण एकाच टाकीतनं, त्यामुळे बिल आलं की कोणी किती द्यायचे यावरनं दर महिन्याला वाद. शेवटी दोन्ही खोल्यांना सबमीटर लावले आणि पाण्याच्या लाईनीला पण मीटर टाकले. उन्हाळा पावसाळा दोन्ही बघून झालेत म्हणून आता लिहितोय. दुकानात सगळे अँपिअर विचारतात, कंपनी विचारतात, किंमत विचारतात, पण हा आकडा घरात वाचणार कोण आणि त्याला तो वाचता येणार का हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते मीटर त्यावरच निवडायचा.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रिकलची दुकानं आहेत तिथनं घेतले. सिंगल फेजचे, हजाराच्या आतले. मुद्दाम दोन वेगळे प्रकार घेतले, एक काउंटरवाला म्हणजे जुन्या मीटरसारखे फिरणारे आकडे, पाच काळे आणि शेवटचा एक लाल, आणि दुसरा एलसीडी डिस्प्लेवाला.

काउंटरवाल्याला माझ्याकडून पाचपैकी पाच. काळे आकडे म्हणजे युनिट, लाल म्हणजे युनिटचा दहावा भाग, तो सोडून द्यायचा, आजचा आकडा वजा मागचा आकडा, संपलं. लाईट गेली तरी आकडा दिसतो, हा फायदा घेताना लक्षात येत नाही पण एक तारखेलाच लाईट गेली की कळतो.

एलसीडीवाला दिसायला भारी आहे आणि माहिती पण भरपूर देतो, व्होल्टेज, करंट, किलोवॅट, पॉवर फॅक्टर सगळं एकामागोमाग फिरत राहतं, आणि तिथंच घोळ होतो. त्या खोलीतल्या काकूंनी पहिल्या महिन्यात कागदावर २३८ लिहून दिलं, ते व्होल्टेज होतं! त्यांची काहीच चूक नाही, आकड्याशेजारी जे बारीक अक्षर येतं ते चष्मा लावून पण दिसत नाही. केडब्ल्यूएच लिहिलेलं येईपर्यंत थांबायचं, तेच युनिट, बाकी सगळं बिलासाठी सोडून द्यायचं. आणि याला आत बॅटरी नाही त्यामुळे लाईट गेली की डिस्प्ले कोरा, नोंद मात्र जात नाही, लाईट आली की तिथूनच पुढे चालू. मीटर म्हणून चांगला, वाचायला त्रासाचा, पाचपैकी तीन. ज्याला कुठल्या उपकरणाला किती करंट लागतो ते बघायचंय त्याने जरूर घ्यावा.

आता मीटर बरोबर चालतो का, हे घरीच बघता येतं आणि भाडेकरूसमोर करून दाखवावं असं मला मनापासून वाटतं, एकदा त्याने डोळ्यांनी बघितलं की शंका राहत नाही. मीटरवर एक लाल लाईट लुकलुकते आणि बाजूला इम्पल्स पर केडब्ल्यूएच असा आकडा छापलेला असतो, आमच्या एकावर ३२०० आहे, एकावर १६००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट. बाकी सगळं बंद करून १००० वॅटची इस्त्री लावली तर ३२०० वाल्यावर मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुक व्हायला पाहिजे, आमच्याकडे तेवढीच झाली. व्होल्टेज कमी असेल तर थोडी कमी होते, आणि इस्त्री तापली की आपोआप बंद होते म्हणून सुरुवातीच्या मिनिटातच मोजायचं. सगळं बंद असताना पण लुकलुकत असेल तर कुठंतरी काहीतरी चालू आहे. दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले असतील तर काही मीटरवर ईएल लिहिलेली वेगळी लाईट लागते, ती दिसली तर वायरमन बोलवा, तसंच वापरत राहू नका.

पाण्याचे मीटर १५ एमएमचे, क्लास बी घेतले. क्लास ए स्वस्त मिळतो पण तो अगदी बारीक धार नीट मोजत नाही. तासाला दीड घनमीटर म्हणजे १५०० लिटर पाण्यासाठी बनवलेला मीटर असेल तर क्लास बी तासाला ३० लिटरपासून मोजतो, क्लास ए ६० पासून, आणि आपल्याकडे टाकीला फ्लोट असतो, शेवटी शेवटी पाणी बारीकच पडतं. वाचायचं सोपं आहे, काळे आकडे घनमीटर, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणजे पाण्याची एक मोठी टाकी, आणि लाल आकडे त्याच्या खालचे. आमच्या मीटरला तीन लाल आकडे आहेत त्यामुळे काळे-लाल सलग वाचले की थेट लिटर येतात, पण काही मीटरला लाल काट्यांची छोटी घड्याळं असतात त्यात ०.१ चा काटा म्हणजे १०० लिटर, ०.०१ म्हणजे १०, ते घेताना दुकानातच समजून घ्या. मधे एक छोटी चांदणीसारखी चकती असते, सगळे नळ बंद करून ती फिरते का बघायची. आमची फिरत होती, फ्लशची टाकी गळत होती, मीटर नसता तर हे कळलंच नसतं. खरं सांगायचं तर हा मीटर मला लाईटच्या मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडला.

तक्रार एकच, काचेला आतून वाफ धरते आणि पावसाळ्यात आकडा धूसर दिसतो, त्यामुळे चार. बसवताना आडवा, बाणाच्या दिशेने, काच वर. पालिकेच्या लाईनीवर लावणार असाल तर पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सुटते आणि तिने पण काटा फिरतो, आम्ही म्हणून टाकीनंतरच्या लाईनीला लावले.

हिशोबाचं पण सांगतो कारण भांडण तिथं होतं. मेन मीटर आणि सबमीटर एकाच दिवशी वाचायचे, नाहीतर बेरीज कधीच जुळत नाही, आणि जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर ही युनिटं मालकाची. महावितरणचा दर १०० युनिटपर्यंत कमी असतो, मग १०१ ते ३०० ला वाढतो आणि पुढे अजून वाढतो, सगळे एकाच मीटरवर असले की सगळ्यांचीच युनिटं वरच्या दरात जातात. भाडेकरूच्या माथी हा वरचा दर मारणं मला पटत नाही. आम्ही स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क धरून आलेलं पूर्ण बिल भागिले एकूण युनिट असा दर काढतो आणि तोच मालकालाही लावतो. वर्षानुवर्षं राहणारा भाडेकरू असेल तर वेगळं कनेक्शनच घ्या, त्याला खालचा दर मिळतो, सबमीटर लागतच नाही.

दुकानदाराने न मागता मीटर जोडून, बल्ब लावून लुकलुक दाखवली आणि पाण्याचा मीटर कसा वाचायचा ते पण सांगितलं, असा माणूस भेटला तर पन्नास रुपये जास्त द्यायला हरकत नाही. पावतीवर मीटरचा सीरियल नंबर आणि तारीख लिहून घ्या, वॉरंटीला तेच विचारतात.