वाड्याच्या सागाची गिटार बॉडी: एका पावसाळ्यानंतर

माझ्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी बासवूड या मऊ लाकडाची होती. स्ट्रॅपचा (खांद्यावरच्या पट्ट्याचा) स्क्रू त्यातून उपटून आला आणि गिटार फरशीवर आदळली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, वॉरंटीत बसत नाही. भोकातले आटे गेले होते. काड्यापेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकल्या, तेही काही आठवडेच टिकलं. अख्खी गिटार ज्या स्क्रूवर लटकते, तिथे इतकं मऊ लाकूड द्यायचं आणि वर हात झटकायचे, याचा राग अजून गेलेला नाही.

नेक (दांडा), पिकअप (तारांचं कंपन उचलून विजेच्या संकेतात बदलणारा भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तेच ठेवून फक्त बॉडी नवी करून घेतली. पुण्यात जुने वाडे पाडले की त्यांचं सागवान वखारीत येतं. तिथली एक तुळई घेतली. गिटारसाठी नेहमी वापरतात ती अल्डर किंवा अॅश ही लाकडं मागवण्याच्या खर्चात हे कितीतरी स्वस्त पडलं. फेंडर या गिटार कंपनीनेसुद्धा पूर आणि झाडं पोखरणाऱ्या किडीमुळे अॅश मिळेना, तेव्हा २०२० मध्ये नेहमीच्या बहुतेक गिटारींतून ते काढलंच की.

स्क्रूबद्दल मात्र भरभरून सांगायचं आहे. आधी बारीक ड्रिल मारून, स्क्रूला मेण लावून फिरवला तर सागात तो असा आवळतो की हाताला कळतं. स्ट्रॅपचा, ब्रिजचा, नेकचा, एकही ढिला झालेला नाही. पावसाळ्यात नेक थोडी वाकली, बॉडी जशीच्या तशी.

आवाजाबद्दलचं मत बदललं. सुरुवातीला साग जास्त घुमतोय असं वाटायचं. पण तेव्हा तारा नव्या होत्या आणि पिकअपही तारांच्या जास्त जवळ, वर आलेले होते. पिकअपची उंची पूर्वीइतकी केल्यावर आणि तारा जुन्या झाल्यावर माझ्या कानाला फरक उरला नाही. पिकअप पोलादी तारेचं कंपन उचलतो. त्यात लाकडाचा वाटा फार थोडा.

वजन ही खरी अडचण. साग घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, अल्डर ४५० च्या. ४५ मिलिमीटर जाडीच्या स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) घाटाच्या बॉडीत पाऊण किलोचा फरक पडतो. उभं राहून तासभर वाजवलं की खांदा भरून यायचा. मग पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) आणखी कोरून घेतलं. आता सुसह्य आहे, हलकी नाही.

जोड देणार असाल तर चिकटवण्याआधी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसा, सागाचं तेल गोंद धरू देत नाही. आणि वखारीत चुंबक घेऊन जा. माझ्या तुळईत तुटलेला खिळा निघाला, राउटरचं (लाकूड कोरायच्या यंत्राचं) पातं गेलं आणि त्याचे पैसे कारागिराला वेगळे द्यावे लागले.