आठ दिवसांची पुस्तिका आणि एक न झालेली बैठक

हिशेबतपासणीत माझी एकतीस वर्षं गेली. कुठलाही कागद हातात आला की मजकुराआधी मी तो कोणाकडून आलाय ते बघतो. ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहाच्या २०२५च्या पुस्तिकेचंही तेच केलं. नावं दोन: व्हॅटिकनचा ख्रिस्ती ऐक्याचं काम पाहणारा विभाग आणि जागतिक चर्च परिषदेचा, श्रद्धेतले मतभेद अभ्यासणारा ‘फेथ अँड ऑर्डर’ आयोग. या दोघांच्या मेळाने झालेलं साहित्य १९६८पासून वापरात आहे. पहिला मसुदा दर वर्षी कुणा वेगळ्या गटाकडे जातो. या वेळी तो इटलीतल्या बोझे इथल्या मठवासी समूहाने केला. तिथे वेगवेगळ्या चर्चमधले स्त्री-पुरुष एका छताखाली राहतात. आणि सप्ताह म्हणायचं तर दिवस आठ, १८ ते २५ जानेवारी. माझ्या धंद्यात असल्या बेरजेखाली लाल रेघ पडते. इथे सोडून दिलं.

पुस्तिका नुसती वाचून अभिप्राय देण्यात अर्थ नाही, ती वापरायची वस्तू आहे. आम्ही चार चर्चमधली अकरा माणसं आठ संध्याकाळी बसलो. ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन आणि आम्ही कॅथलिक. त्यात धर्मगुरू एकच, तेही तीनच दिवस आले. बाकी सगळे प्रापंचिक.

म्हणूनच २०२५चं वचन मला लागलं. बायबलमधलं योहान ११:२६. भाऊ मेलाय, घरात रडारड आहे आणि येशू मार्थेला विचारतो, यावर तुझा विश्वास आहे का? शुभवर्तमानातल्या पेत्राच्या कबुलीवर मी आजवर शंभरेक प्रवचनं ऐकली असतील. मार्थेच्या कबुलीवर फार तर दोन. वास्तविक तिचं उत्तर, ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’, हे पेत्राच्या उत्तराइतकंच पूर्ण आहे, आणि ती ना प्रेषित, ना मठातली. पाहुण्यांचं बघणारी संसारी बाई. हा प्रश्न वर्षाचा विषय म्हणून निवडला यासाठीच मी या मंडळींना अर्धा तारा जास्त देईन.

विषय निवडायला निमित्त निकेयाच्या, म्हणजे बिशपांच्या पहिल्या मोठ्या परिषदेचं. इ. स. ३२५ला ती भरली, २०२५ला १७०० वर्षं झाली. आपण काय मानतो ते सांगणारा, सगळ्यांनी मिळून म्हणायचा पाठ, म्हणजे विश्वासांगीकार, तिथला. त्यामुळे आठ दिवस त्याच्या क्रमाने लावलेत: पिता, सृष्टी, पुत्राचं देहधारण, मरण व पुनरुत्थान, पवित्र आत्मा, ख्रिस्तसभा, स्नानसंस्कार, येणारं जीवन. इथे माझ्यातला तपासनीस जागा झाला. ३२५चा मूळ पाठ ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढ्यावर थांबतो, पुढे आहे ती चुकीच्या शिकवणीवरची बंदी. ख्रिस्तसभा, स्नानसंस्कार, येणारं जीवन ही कलमं आज आपण म्हणतो त्या पाठात आहेत, आणि तो पाठ जोडला जातो ३८१च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेशी. म्हणजे वाढदिवस निकेयाचा, पण शेवटचे तीन दिवस धाकट्या भावंडाच्या खात्यातले. पाहुण्यांसमोर हे नीट सांगावं लागतं, नाहीतर लोक समजतात सगळं एका बैठकीत उरकलं.

पाचवी संध्याकाळ मी विसरणार नाही. विश्वासांगीकार आम्ही आपापल्या सवयीचा म्हणत होतो. पवित्र आत्मा कोणापासून येतो ती ओळ आली. ‘जो पित्यापासून...’ इथपर्यंत अकरा आवाज. ‘आणि पुत्रापासून’ला आमच्या शेजारचे ऑर्थोडॉक्स काका गप्प झाले. तोंड मिटलं, नजर कागदावर, अंगठा ओळीखाली तसाच. दोन शब्दांनंतर ते परत सुरात आले. हे शब्द पश्चिमेने मागाहून घातले, रोममध्ये तर १०१४च्या सुमाराला मिस्सेत, म्हणजे उपासनेत आले, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हजार वर्षांचं भांडण ऐकू किती येतं ते त्या दिवशी कळलं: एक श्वास घेण्याएवढं. दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवून ते दोन शब्द गाळून म्हटलं. काकांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त जरा मोठ्याने म्हणाले.

सहाव्या दिवशी गंमत. ‘एक, पवित्र, कॅथलिक व प्रेषितीय’ म्हणताना लुथरन बाई हसल्या. ‘तुमचं नाव आमच्या तोंडी!’ मग कॅथलिक म्हणजे सार्वत्रिक, तो शब्द आमच्या मालकीचा नाही, यावर मीच दहा मिनिटं बोललो. आम्ही ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो, त्या ‘मंडळी’. आम्ही ‘स्नानसंस्कार’ म्हणतो, त्या ‘बाप्तिस्मा’. पाणी तेच, आणि त्यांचं ते आम्ही मानतो, पुन्हा देत नाही. सातवा दिवस त्यामुळे सगळ्यांत सोपा गेला.

अवघड भाग पुस्तिकेत नाही, घरात आहे. माझी बायको अँग्लिकन. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. रविवारी कम्युनियनच्या रांगेसाठी मी उठतो तेव्हा ती गुडघे बाजूला करून मला वाट देते. कॅथलिक नसलेल्यांना कम्युनियन न देण्याचा आमच्या चर्चचा नियम का आहे ते मला माहीत आहे आणि मी तो मोडत नाही. पण एका टेबलाशी येता न येण्याचं दुःख आठ दिवसांत कुठेतरी नाव घेऊन यावं असं वाटत होतं. आम्ही ते प्रार्थनेतल्या आमच्या विनंत्यांमध्ये घातलं. बायकोनेच वाचलं.

दुसरी गोष्ट सम्राटाची. निकेयाची परिषद बोलावली कॉन्स्टंटाइनने, आणि त्याचा स्वतःचा स्नानसंस्कार झाला तो ३३७ला, मरणशय्येवर. पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही असं शिकवणाऱ्या एरियसला परिषदेने चुकीचा ठरवलं, सम्राटाने हद्दपार केलं. पुढे गादीवरची मर्जी फिरली तसा निकेयाची बाजू लढवणारा अथनासियसही हद्दपार झाला, एकदा नव्हे, पाचदा. आठ दिवसांच्या विषयांत सम्राटाला दिवस नाही. मी असतो तर नववा घातला असता. श्रद्धेच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती नको, हे आमच्या चर्चने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ठामपणे मांडलं ते ७ डिसेंबर १९६५ला. ३२५पासून मोजा: १६४० वर्षं. त्याच दिवशी रोम आणि कॉन्स्टंटिनोपल, म्हणजे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, यांनी १०५४चे परस्परांवरचे बहिष्कारही मागे घेतले. दोन्ही गोष्टी एका दिवशी होणं हा योगायोग असेल, मला तो आवडतो.

कारण चार लोकांत श्रद्धा दाखवायची म्हणजे काय, हा प्रश्न मला रोज पडतो. टेबलावर क्रूस ठेवणं सोपं आहे. खोट्या व्हाउचरवर सही न करणं महाग पडतं. कॅथलिक बिशपांच्या, साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांची जागा जगाच्या कामधंद्यात सांगितली, ती अशी. पण एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं, ‘तुमच्यातच इतकी चर्चं, तुम्ही जगाला काय सांगणार?’ योहानाच्या सतराव्या अध्यायात नेमकं हेच आहे: ते एक व्हावेत, म्हणजे जग विश्वास ठेवील. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजून नाही.

आमच्या चर्चांची एक संयुक्त समिती आहे, मी तिचा खजिनदार. मध्यंतरी आमच्या संस्थांच्या हक्कांचा प्रश्न आला, तेव्हा एका रात्रीत निवेदन तयार झालं. चारही चर्चांच्या सह्या, एक स्वल्पविराम अडला नाही. त्याच संस्थांत झाडलोट करणाऱ्यांच्या पगारावर एक पान लिहायचं ठरलं, तर ते उपसमितीकडे गेलं आणि प्रत्येकाला अचानक आपली वेगळी परंपरा आठवली. १९५२ला स्वीडनमधल्या लुंडच्या परिषदेत चर्चांनी स्वतःलाच विचारलं होतं, की श्रद्धेचे खोल मतभेद आड येतात तेवढं सोडून बाकी सगळं आपण मिळून का करू नये. पगार हा कुठला मतभेद, मला सांगा.

असो, अभिप्राय पुस्तिकेवर आहे. भाषा सोपी, वचनांची निवड चांगली, जुन्या ख्रिस्तपित्यांचे, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती गुरूंचे, उतारे छोटे आणि नेमके. त्यातले दोन मी वहीत उतरवून घेतले. आयत्या वेळी छापायला बसू नका. आमच्या प्रतींत चौथ्या दिवसाची पानं उलटी लागली होती आणि पुनरुत्थान मरणाच्या आधी झालं. म्हाताऱ्यांसाठी अक्षर मोठं करून घ्या. आठही दिवस जमत नसतील तर तिसरा, पाचवा, सहावा घ्या. पाचपैकी चार तारे, त्यातला अर्धा मार्थेचा.

उपसमितीची बैठक आठ महिन्यांत झालेली नाही. काल मी पुन्हा तारीख मागणारं पत्र पाठवलं. सोबत सहाव्या दिवसाची पानं जोडली आहेत, आणि झाडलोट करणाऱ्या सहा जणांच्या पगाराचा तक्ता.