वचन-पाठांतराचा ग्रुप: सगळ्यांचा एकच, की तिघातिघांचे?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत आता बायबलमधली वचनं पाठ करण्याचा ग्रुप फोनवर चालतो. सुरुवात उत्साहात होते. रोज सकाळी वचन येतं, लोक ‘आमेन’ लिहितात. मग कुणी वाढदिवसाचा केक टाकतं, कुणी निवडणुकीचा व्हिडिओ, आणि महिन्याभरात आजचं वचन शोधायला बोटाने वर सरकवत बसावं लागतं. त्यातच एखाद्या रात्री बाप्तिस्म्यावरून वाद पेटतो आणि सकाळी चार चांगली माणसं ग्रुप सोडून गेलेली असतात.

तुम्ही असा ग्रुप काढायच्या विचारात असाल, किंवा आहे त्याची घडी बसवायची असेल, तर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. सगळ्यांना लिहिता येईल असा एक मोठा ग्रुप. फक्त ॲडमिनच वचन टाकतील असा एक ग्रुप आणि त्याच्या जोडीला तिघातिघांचे छोटे ग्रुप. किंवा आठवड्यातून एकदा कॉलवर जमणं. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. तिच्यात उणिवाही आहेत, त्या पुढे सांगतेच.

पाठ कुठे होतं?

पहिली कसोटी हीच धरायला हवी, कारण ग्रुपवर एकाग्रता आणि सलोखा हवा तो या पाठांतरासाठीच. फुलांच्या फोटोवर छापलेलं वचन रोज डोळ्यांखालून गेलं की ते ओळखीचं वाटू लागतं. पण ओळखीचं वाटणारं वचन न बघता म्हणायला गेलं की दुसऱ्या ओळीला गाडी अडते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. संडे स्कूलमध्ये बाई सुवर्णवचन उभं राहून म्हणायला लावायच्या, त्यातही नेमकं हेच घडायचं.

मोठ्या ग्रुपमध्ये म्हणून दाखवायची पाळी कुणावरच येत नाही. शंभर जणांपुढे आवाज पाठवायला जे धजतात ते बहुधा आधीपासूनच प्रार्थनासभेत बोलणारे. बाकीचे हात जोडल्याची खूण टाकून पुढे जातात. तिघांच्या ग्रुपमध्ये मात्र गप्प राहिलेला लगेच कळतो. सोमवारी वचन आलं की शनिवारपर्यंत तिघांनी पुस्तक मिटून ते म्हणायचं आणि व्हॉइस मेसेज पाठवायचा. लिहून पाठवायची मुभा देऊ नका. लिहिण्यात नक्कल करून डकवणं फार सोपं असतं आणि मोहही होतोच.

आमच्या तिघींत मालवणकडच्या एक आजी आहेत. त्यांना टाइप करता येत नाही. त्या पहाटे चुलीपाशी बसून स्तोत्र 23 म्हणतात. मेसेज लावला की आधी पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो, मग त्यांचा आवाज: “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” मृत्युच्छायेच्या दरीपाशी त्या हमखास अडखळतात. थोडं थांबतात, पुटपुटत एक वचन मागे जातात आणि तिथून पुन्हा धरतात. शंभर जणांच्या ग्रुपवर त्यांनी हे कधीच पाठवलं नसतं, आणि तसं अडखळून सावरल्याशिवाय वचन पक्कं होत नाही.

वेगाबद्दल एवढंच सांगते: आठवड्याला एक वचन पुरे. फिलिप्पैकरांस पत्राची 104 वचनं अशी बरोबर दोन वर्षांत होतात. मत्तय 5 ते 7 मधलं डोंगरावरचं प्रवचन 111 वचनांचं आहे, त्याला थोडा अधिक वेळ लागेल. स्तोत्र 23 ची सहा वचनं ईस्टरआधीच्या उपवासकाळात छान बसतात. रोज नवं वचन टाकणारे ग्रुप लवकर थकतात, आणि थकलेल्या ग्रुपमध्येच गप्पांना वाट मिळते.

कोकणात एकाच ग्रुपमध्ये कोण कोण असतं

हा मुद्दा आपल्याकडे इतर ठिकाणांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. वसई 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे होती, त्यामुळे उत्तरेकडच्या किनाऱ्यावर जुनी कॅथलिक गावं आहेत. खाली मालवण, सावंतवाडीकडे गोव्याशी नाती असलेली कॅथलिक कुटुंबं आहेत. मध्येच बाणकोटला 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी आले, वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने दवाखाना उभारला, आणि तिथल्या मंडळ्या प्रॉटेस्टंट. आता मुंबईत नोकरीला असलेली ही सगळी मुलं-माणसं एका ग्रुपमध्ये आली की एकाच वचनाची तीन भाषांतरं समोर येतात. कॅथलिकांच्या बायबलमध्ये 73 पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या पवित्र शास्त्रात 66. काही जुन्या कॅथलिक पुस्तकांत तर आपलं स्तोत्र 23 हे 22 व्या क्रमांकावर मिळतं.

मोठ्या खुल्या ग्रुपमध्ये ‘बरोबर शब्द कुठले’ या प्रश्नाचं भांडण व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यात खरं कुणीच चुकलेलं नसतं. यावर मला पटलेला उपाय असा: मुख्य ग्रुपवर ॲडमिनने फक्त संदर्भ द्यावा. ‘याकोब 1:19’ एवढंच. मजकूर ज्याने त्याने आपल्या पुस्तकातून घ्यावा. स्तोत्र असेल तर क्रमांकाबरोबर पहिले दोन-तीन शब्दही लिहावेत, म्हणजे घोळ होत नाही. वचनं दोघांकडे समान असलेल्या 66 पुस्तकांतूनच निवडावीत. तिघांचा ग्रुप मात्र एकच भाषांतर वापरणाऱ्यांचा हवा, नाहीतर एकमेकांचं म्हणणं तपासता येत नाही. यात एक फायदा असाही होतो की घरातलं पुस्तक उघडावं लागतं.

प्रार्थनाविनंत्यांचं काय?

सगळ्यात अवघड जागा ही. राजकारणाचे फॉरवर्ड थांबवायला कुणाचं मन दुखत नाही. पण ज्याची आई आयसीयूत आहे त्याला ‘हा ग्रुप फक्त वचनासाठी आहे’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? आणि त्याला सांगितलं नाही, तर दुसऱ्याच्या गुडघेदुखीला, तिसऱ्याच्या परीक्षेला, चौथ्याच्या व्हिसाला कसं सांगणार? खुल्या ग्रुपचं लक्ष सुटतं ते वाईट माणसांमुळे क्वचितच. या खऱ्या, दुखऱ्या विनंत्या एकावर एक येतात, प्रत्येकीखाली पन्नास उत्तरं येतात आणि वचन दिसेनासं होतं.

विनंत्या बंद करणं मला मान्य नाही. त्यांना जागा हवी, पण वेगळी. व्हॉट्सॲपवर ‘कम्युनिटी’ करून तिच्याखाली वचनाचा ग्रुप आणि प्रार्थनेचा ग्रुप असे दोन ठेवता येतात. कुणी वचनाच्या ॲडमिनला विनंती पाठवली, तर ॲडमिनने ती प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकावी आणि त्याच दिवशी त्या माणसाला फोन करावा. हा फोन फार मोलाचा आहे. ग्रुपवरच्या पन्नास हात जोडल्याच्या खुणांपेक्षा दोन मिनिटं विचारपूस करणारा माणूस आईजवळ बसलेल्याला जास्त आधार देतो. एकट्या ॲडमिनला हे पेलत नाही, म्हणून दोघं तरी हवेत, आणि जमलं तर दोन वेगळ्या मंडळ्यांतले.

वाद झालाच तर

लहान मुलांचा बाप्तिस्मा, मरियेविषयीची भक्ती, उपासना शनिवारी की रविवारी हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. त्यांची जागा पाळकांसमोर किंवा फादरांसमोर बसून बोलण्यात आहे, रात्री अकरा वाजता अंगठ्याने टाइप करण्यात नाही. मत्तय 18 मध्ये येशूने क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याशी एकांतात बोला, मग एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीपुढे न्या. मोठ्या खुल्या ग्रुपमध्ये हा क्रम उलटा चालतो. आधी सगळ्यांपुढे, मग रुसवा, मग कुणीतरी मध्यस्थ.

दुसऱ्या वाटेत मुख्य ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितात, म्हणून वादाला तोंडच फुटत नाही. तिघांत मतभेद होतात, पण तिथे समोरच्याचं नाव, घर, आवाज माहीत असतो. चूक दाखवणंही सोपं जातं. ‘तिसऱ्या वचनातला एक शब्द राहिला’ हे दोघांपुढे ऐकायला काही वाटत नाही. सगळ्या मंडळीपुढे ऐकलं तर पुढच्या आठवड्यापासून माणूस गप्प होतो. याच कारणासाठी गुण, पहिला नंबर, प्रमाणपत्रं यांपासून मोठ्यांचा ग्रुप दूर ठेवा. स्पर्धा सुरू झाली की मागे पडलेला निमूट निघून जातो आणि पुढे गेलेल्याला ते कळतही नाही.

बायकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. मोठ्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर अनोळखी माणसांना दिसतो आणि मग नको ते खाजगी मेसेज येतात. कम्युनिटीच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये (जिथे फक्त ॲडमिन लिहितात) सर्वसामान्य सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बायकांचे तिघींचे ग्रुप बायकांचेच ठेवावेत. यावर चर्चा करत बसू नये.

दुसऱ्या वाटेच्या उणिवा

तिच्यात गर्दीची ऊब नाही. नवीन माणसाला मुख्य ग्रुप कोरडा वाटतो: सोमवारी एक ओळ येते आणि बाकी शांतता. तिघांचा ग्रुप बंद पडला तरी महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ॲडमिनने महिन्यातून एकदा प्रत्येक ग्रुपमधल्या एकाला तरी फोन करायला हवा, आणि हे काम वाटतं त्याहून जास्त आहे. सभासद वाढले की ॲडमिनही वाढवावे लागतात. हे जमणार नसेल तर ही वाट धरू नका.

तिघंच का, दोघं का नाहीत, असं विचाराल. आपल्याकडे एक जण बोटीवर जातो आणि समुद्रात रेंज सुटते. दोघांत मग उरतो एकटा. तिघांत दोघं उरतात आणि म्हणणं चालू राहतं.

कॉलचं काय?

रविवारी रात्री सगळ्यांनी कॉलवर जमणं मनाला फार बरं वाटतं, आवाज ऐकू येतात, एकत्र म्हणता येतं. पण पावसाळ्यात वीज गेली की टॉवर जातो, आणि दुबईतला भाऊ दीड तास मागे असल्यामुळे आपल्या आठ वाजता तिकडे साडेसहा झालेले असतात, तो कामावरून परतही आलेला नसतो. शिवाय एक-दोघं लांबण लावतात आणि पाठ म्हणायला वेळ उरत नाही. आठवड्याच्या कामासाठी कॉल टिकत नाही. एखादा पूर्ण अध्याय संपला की सगळ्यांनी मिळून तो म्हणायला जरूर जमा. 1 करिंथकरांस 13 वा अध्याय तेरा वचनांचा आहे. तो दहा-बारा आवाजांत ऐकला आहे मी, आणि त्यासाठी सगळी खटपट करावी असं वाटतं.

मग मोठा खुला ग्रुप कुणी ठेवावा?

ज्यांची मंडळी लहान आहे, दहा-बारा कुटुंबं, सगळे रविवारी एकाच बाकांवर बसतात, त्यांनी. तिथे सलोखा आधीच आहे आणि फोनवर नुसती त्याची आठवण होते. तिथे खुला ग्रुप, एकच भाषांतर, आणि शनिवारी प्रत्येकाने आवाज पाठवायचा एवढा एक नियम पुरतो. संख्या तीसच्या वर गेली किंवा दुसऱ्या मंडळीतले आले, की वेळ न दवडता तिघातिघांत विभागा. वाद झाल्यावर विभागलं तर तो रागाचा निर्णय वाटतो.

लहान मुलांना यातल्या कुठल्याच ग्रुपमध्ये घालू नका. त्यांचं पाठांतर संडे स्कूलमध्ये आणि घरी, आईच्या किंवा आजोबांच्या शेजारी बसून होऊ द्या. घरातल्या मोठ्यांचे व्हॉइस मेसेज ऐकून ती आपोआप म्हणू लागतात.

सुरुवात कधी करावी, असंही विचारलं जातं. मच्छीमार वस्ती असेल तर 1 जून ते 31 जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने धरा. बोटी किनाऱ्याला, पुरुष घरी, जाळी दुरुस्तीला बसलेले, आणि हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं. रेंज गेली तरी व्हॉइस मेसेज फोनमध्ये थांबतो आणि आली की आपोआप जातो. पहिल्या आठ आठवड्यांत स्तोत्र 23 ची सहा वचनं घ्या, शेवटचे दोन आठवडे उजळणीला ठेवा, आणि ऑगस्टमध्ये बोटी सुटायच्या आत कुठले तिघांचे ग्रुप चालू आहेत आणि कुठले थंडावलेत ते फोन करून बघा.