यूव्ही: काही महिने वापरल्यानंतर (मुख्यतः सी ड्राइव्हबद्दल)

यूव्ही म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) बसवणारं साधन; त्याहून जास्त सांगत बसत नाही. रस्टमध्ये लिहिलंय, 2024 च्या फेब्रुवारीत आलं, पिपपेक्षा (हेच काम करणारं पायथनचं नेहमीचं साधन) कितीतरी वेगवान आहे, हे सगळं तुम्ही वाचलेलंच असणार. वेगाचं मला फारसं कौतुक नाही. जीएसटीच्या एक्सेल फायली मला महिन्यातून एकदाच जुळवायच्या असतात. त्यासाठी लागणारं पांडाज हे पॅकेज मिनिटात आलं काय नि दोन सेकंदांत आलं काय. माझं दुखणं जागेचं आहे.

लॅपटॉप 256 जीबीचा. दुकानदाराने न विचारता सी आणि डी पाडून दिले, सीला जेमतेम 100. क्लासवाल्यांनी सांगितलेला पायथनचा भलामोठा तयार संच (नाव घेत नाही) त्यावर चढवला आणि सीची पट्टी लाल झाली. विंडोजचं अपडेट अडकलं. क्लासला फोन केला तर उत्तर काय, "सर, एसएसडी वाढवून घ्या." फी घेताना कोणी हे बोललं नव्हतं! त्यात ढीगभर पॅकेजेस, मला लागतात तीन. संच काढला, यूव्ही टाकलं.

सुरुवात झकास. 'यूव्ही इनिट' केलं की फोल्डर तयार. 'यूव्ही ॲड' केलं की पॅकेजची नोंद पायप्रोजेक्ट फाइलमध्ये आणि नेमकी आवृत्ती लॉक फाइलमध्ये. पायथनसुद्धा तेच उतरवून घेतं, त्यामुळे पायथन बसवताना पाथचा चौकोन टिक केला का, ही कटकट नाही. आणि मला भुलवणारी गोष्ट म्हणजे पॅकेज एकदाच कॅशमध्ये (सामायिक साठ्यात) येतं, मग प्रत्येक प्रोजेक्टच्या व्हेन्व्हमध्ये (त्या प्रोजेक्टपुरता पायथनचा वेगळा कप्पा) त्याची फक्त हार्डलिंक लागते, म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव, वेगळी प्रत नाही. पिपही डाउनलोड जपून ठेवतं, पण प्रत्येक व्हेन्व्हमध्ये फायली नव्याने उलगडतं. पाच प्रोजेक्ट, पाच पांडाज.

माझ्याकडे मात्र 'ॲड' केलं की एक इशारा यायचा: हार्डलिंक जमली नाही, पूर्ण कॉपी करतोय, वेग कमी होऊ शकतो. वेग गेला खड्ड्यात, जागेचं काय? तर हार्डलिंक एकाच ड्राइव्हच्या आत लागते. विंडोजवर यूव्हीची कॅश असते यूजरच्या ॲपडेटामध्ये, म्हणजे सीवर. माझे प्रोजेक्ट डीवर. म्हणजे सीवर एक प्रत आणि शिवाय डीवर प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी. जागा वाचवायला यूव्ही घेतलं आणि ही गत.

उपाय आहे, फक्त क्रम सांभाळा. आधी 'यूव्ही कॅश क्लीन'. मग 'यूव्ही कॅश डिर' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम वाचतात ती विंडोजमधली नोंद) करून (सगळी मोठी अक्षरं, मध्ये अंडरस्कोअर) त्यात डीवरच्या फोल्डरचा पत्ता द्या. उलट केलंत तर नवी रिकामी कॅश साफ होते आणि सीवरची तशीच ठाण मांडून बसते. टर्मिनल बंद करून नवीन उघडा, जुनं व्हेन्व्ह सरळ डिलीट करा, 'यूव्ही सिंक' मारा, नोंदीप्रमाणे पॅकेजेस पुन्हा बसतात. इशारा गेला. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मात्र हे चालणार नाही, तिथे हार्डलिंक हा प्रकारच नाही. आणि फोल्डरवर राइट क्लिक करून साइज बघू नका, ती प्रत्येक ठिकाणी पूर्णच दिसते. ड्राइव्हची मोकळी जागा आधी आणि नंतर बघा.

इथवर लिहून पाच स्टार टाकणार होतो. तेवढ्यात भाचीचा फोन. तिच्याकडेही यूव्हीच.

"मामा, पिप म्हणतंय झालं. रन केलं की म्हणतंय मॉड्यूल सापडत नाही."

"अगं, व्हेन्व्ह चालू आहे का?"

"कंसात नाव दिसतंय ना प्रोजेक्टचं!"

तिचं बरोबर होतं, कंसात नाव म्हणजे व्हेन्व्ह चालू. यूव्ही जे व्हेन्व्ह बनवतं त्यात पिप नसतंच. यूट्यूबवर बघून 'पिप इन्स्टॉल' टाइप केलं की मशीनवर आधी टाकलेल्या पायथनचं पिप धावून येतं आणि पॅकेज तिकडे, बाहेर बसवतं. समोर कंसात नाव, माल भलतीकडेच. 'पिप', पुढे दोन डॅश आणि 'व्हर्जन' असं लिहिलं की ते कुठल्या फोल्डरमधून बोलतंय ते कळतं. शिकाऊ मुलीला हे कोण सांगणार? जगातले निम्मे व्हिडिओ 'पिप इन्स्टॉल'नेच सुरू होतात.

तिला 'यूव्ही ॲड'चीच सवय लावली. 'यूव्ही पिप इन्स्टॉल'सुद्धा आहे, पण त्याची नोंद पायप्रोजेक्टमध्ये होत नाही, आणि पुढच्या 'यूव्ही सिंक'ला ते पॅकेज गायब. फारच व्हिडिओ बघायचे असतील तर व्हेन्व्ह बनवतानाच 'सीड' हा पर्याय द्या, पिप आत येतं.

तर चार स्टार. कापलेला एक भाचीच्या वतीने. माझ्यापुरतं म्हणाल तर सी ड्राइव्ह पुन्हा निळा आहे, अपडेट झालं, आणि नवी एसएसडी घेतलेली नाही.