हवाई दलातून गोदामात: डीजीआरचा २४ आठवड्यांचा मॅनेजमेंट कोर्स, नोकरीतल्या आठ-नऊ महिन्यांनंतर

सुरुवातीलाच सांगतो, मी आयआयएममध्ये शिकलेलो नाही. नात्यात तशी बातमी पसरली आहे. नागपुरात ‘मॅनेजमेंट’ म्हटलं की लोकांना मिहानमधली, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग क्षेत्रातली, आयआयएमची इमारत आठवते. ते आयआयएम २०१५ मध्ये व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात सुरू झालं आणि २०२२ मध्ये स्वतःच्या कॅम्पसमध्ये गेलं. तिथल्या दोन वर्षांच्या एमबीएसाठी कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ते प्रकरण वेगळं. मी केला तो डीजीआरचा, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा, २४ आठवड्यांचा बिझनेस मॅनेजमेंट कोर्स. तोही शहरातल्या एका खासगी संस्थेत. खाली तक्रारी आहेत, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही.

माझ्याबद्दल थोडं. बारावीनंतर हवाई दलात भरती, लॉजिस्टिक्स ट्रेड, वीस वर्षांची एंगेजमेंट, म्हणजे सेवेचा करार, पूर्ण करून सार्जंट म्हणून बाहेर पडलो. शेवटचं पोस्टिंग वायुसेना नगरला, मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात. पदवी इग्नूची, नोकरी करता करता घेतलेली. पेन्शन आहे, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे, मुलगी आठवीत आहे. शॉर्ट सर्व्हिसवाल्या अधिकाऱ्यांना पेन्शन नसते, त्यामुळे त्यांचं गणित वेगळं बसेल. त्यांनी हे त्या हिशोबाने वाचावं.

पैशाचं आधी. ऑफिसर असाल तर फीचा ४० टक्के भाग स्वतः भरायचा, उरलेला ६० टक्के डीजीआर देतं. आमच्यासारख्यांना, म्हणजे जेसीओ (सुभेदार वगैरे), जवान आणि हवाई दल-नौदलातल्या त्याच दर्जाच्या लोकांना, पूर्ण फी माफ. मी सेवेच्या शेवटच्या वर्षात केला, त्यामुळे पगारही चालू होता. खिशातून काही गेलं नाही, पण वेळ गेला, आणि तो नेमका त्या वर्षातला, ज्यात पेन्शनची कागदपत्रं, क्वार्टर सोडणं आणि मुलीची शाळा सगळं एकदम अंगावर येतं.

वर्गात कामठीच्या गार्ड्स सेंटरवरून आलेले काही जण होते, नौदलातले होते, आम्ही हवाई दलाचे निळे होतो. जवळपास सगळ्यांनी माणसं सांभाळलेली. त्यामुळे नेतृत्व, टीमवर्क, मोटिव्हेशन हे विषय म्हणजे वेळेचा अपव्यय. शिकवणारे सर आमच्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी माणसाच्या गरजांचा मास्लोचा पिरॅमिड काढला: खाली अन्न-निवारा, मग सुरक्षितता, आणि वर चढत चढत मान-सन्मान. बुलढाण्याकडचे एक नायब सुभेदार साहेब उठून म्हणाले, “सर, ग्लेशियरवर ही खालची पायरीच नसते. तरी पोरं उभी राह्यतात. त्यायले कुठं बसवाचं?” सर हसले आणि पुढची स्लाइड लावली. उत्तर अजून यायचं आहे. वर मे महिना, बाहेर ४५ डिग्री आणि वर्गात एकच कूलर. तो चालू ठेवला की शिकवणारा ऐकू येत नसे, बंद केला की कोणी ऐकण्याच्या स्थितीत नसे.

आता ज्यासाठी हा कोर्स मी पुन्हा केला असता, ते. कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशोब.

हवाई दलात स्टोअरवाल्याचं पाप एकच: मागितलेला पार्ट नसणं. विमान जमिनीवर अडकलेलं, त्यासाठीची तातडीची एओजी डिमांड आलेली आणि बिन, म्हणजे पार्ट ठेवायचा खण, रिकामा, तर रात्री दोनलासुद्धा फोन वाजतो. त्यामुळे वीस वर्षं माझ्या डोक्यात एकच शिस्त बसली होती, माल असला पाहिजे. लेजर बरोबर असावं, शेल्फ लाइफ संपत आलेली रबराची सील वेळेत बाजूला काढावी, स्टॉक टेकिंगला एक नगही इकडेतिकडे होऊ नये. तो नग किती रुपयांचा, हे लेजरात असायचं, पण त्या आकड्याने माझी झोप कधी उडाली नाही. तो पैसा अर्थसंकल्पातून आलेला होता, त्यावर कोणी व्याज मोजत नव्हतं.

कॉस्टिंगचे सर एका मिलच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं: एक कोटीचा माल, बँकेचं व्याज वर्षाला १२ टक्के. म्हणजे हा माल रॅकवर नुसता बसून महिन्याला एक लाख रुपये खातो. “यात भाडं, विमा, चोरी आणि उंदीर धरले नाहीत,” असं म्हणून ते खाली बसले. वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा), इन्व्हेंटरी टर्नओव्हर (वर्षात माल किती वेळा फिरतो), एबीसी, एफएसएन ही सगळी पुढची गाडी त्या एका ओळीवर चालली. एबीसी म्हणजे किमतीनुसार मालाची वर्गवारी, एफएसएन म्हणजे किती वेगाने हलतो त्यानुसार. याद्या करणं मला नवीन नव्हतं. इमॉल्सवर, म्हणजे हवाई दलाच्या ऑनलाइन स्टोअर प्रणालीवर, आयुष्य गेलंय. नवीन होतं ते त्या यादीच्या शेवटच्या रकान्यात रुपये लिहिणं.

आता नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या पुढे एका थर्ड-पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचा माल सांभाळणाऱ्या, गोदामात शिफ्ट ऑपरेशन्स बघतो. नागपुरात ही गोदामं का उगवली, हेही कॉस्टिंगच्याच तासाला कळलं होतं. जीएसटीच्या आधी माल दुसऱ्या राज्यात विकला की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या राज्याराज्यात छोटे डेपो ठेवून माल डेपोत ट्रान्सफर करायच्या. १ जुलै २०१७ नंतर त्याची गरज उरली नाही. मग देशाच्या मध्यावर एक मोठं गोदाम परवडायला लागलं. झिरो माइलचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याला धंद्याची किंमत आली ती करामुळे.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत एका क्लायंटच्या मालाची एफएसएन यादी काढली. मागच्या बाजूचे काही रॅक चार-चार महिने हललेलेच नव्हते. आधीच्या सुपरवायझरनेही हे तोंडी सांगितलं होतं म्हणे, पण ‘माल फार पडून आहे’ असं. मी प्रत्येक ओळीपुढे महिन्याचं व्याज आणि जागेचं भाडं लावून एक बेरीज पाठवली. क्लायंटच्या रीजनल मॅनेजरचा फोन त्याच संध्याकाळी आला. पुढच्या दोन महिन्यांत निम्मा माल निघाला. कोर्सचं प्रमाणपत्र मुलाखतीनंतर कोणी पाहिलं नाही. त्या बेरजेचं फॉरमॅट मात्र आता आमच्याकडे सगळ्या क्लायंटना जातं.

आता उणीव. आमच्या अभ्यासक्रमात पोर्टरचे फाइव्ह फोर्सेस होते, धंद्यातली स्पर्धा मोजायचं १९७९ पासूनचं, जगभर शिकवलं जाणारं ते मॉडेल. ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, नव्हतं. लॉजिस्टिक्समध्ये येणाऱ्या माणसाला ते न सांगणं म्हणजे स्टोअरवाल्याला बिन कार्ड, म्हणजे खणातल्या मालाच्या नोंदीचं कार्ड, न दाखवण्यासारखं. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ते लागतं; साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मुदत. समृद्धी महामार्गाने भिवंडीपर्यंत ७०१ किलोमीटर, म्हणजे चार दिवस. गाडी वाटेत बंद पडली आणि मुदत संपत आली, तर ती संपायच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच वेळात वाढवता येते. हे मला वर्गात नाही, आमच्या डिस्पॅचच्या पोराने शिकवलं. तो बारावी नापास आहे आणि आमच्या गोदामातला सगळ्यात पक्का माणूस आहे.

दुसरी उणीव हमालांची. इंडस्ट्रियल रिलेशन्सचे दोन तास झाले, त्यात १९६९ च्या माथाडी कायद्याचं, म्हणजे हमालांच्या कामाच्या कायद्याचं, नुसतं नाव आलं. इकडे डॉकवर, म्हणजे गाडी भरण्या-उतरवण्याच्या जागी, रोजचा प्रश्न तोच. मुकादम म्हणतो, “काकाजी, या गाडीचा रेट येगळा राहीन, जड माल हाय.” युनिटमध्ये मी फटीग पार्टी, म्हणजे अंगमेहनतीला जवानांची तुकडी, लावली की गाडी रिकामी व्हायची. इथे आधी बोलणं, मग चहा, मग पुन्हा बोलणं, मग गाडी. हे जमायला मला वेळ लागला, आणि ते कुठल्या पुस्तकात बसेल असं वाटत नाही. पण निदान दोन दिवस एखाद्या चालू गोदामात नेऊन उभं करता आलं असतं. बुटीबोरी काही फार लांब नाही.

प्लेसमेंटबद्दल सगळ्यात जास्त नाराजी. आलेल्या कंपन्यांमध्ये सिक्युरिटी एजन्सी, विमा विक्री आणि पुन्हा सिक्युरिटी एजन्सी. माजी सैनिक म्हटलं की गेटवर उभा करायचा, ही समजूत चोवीस आठवडे शिकवणाऱ्या संस्थेनेही सोडली नव्हती. मला नोकरी मिळाली ती माझ्या ट्रेडमधल्या, आधी बाहेर पडलेल्या एका वॉरंट ऑफिसर साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. मुलाखतीत एचआरवाल्याने पगाराच्या वेळी ठरलेलं वाक्य टाकलंच: “तुम्हाला पेन्शन आहेच ना, भाऊ.” हे सगळ्यांना ऐकावं लागतं, तयारीत राहा. मी म्हटलं, पेन्शन माझ्या झालेल्या नोकरीची आहे, या पदाला बाहेर काय देता तेवढं सांगा. आकडा थोडा वाढला, हवा तेवढा नाही.

अमेरिकेत १९४४ पासून माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी जीआय बिल हा कायदा आहे. नाइन-इलेव्हननंतरच्या आवृत्तीत पात्र माजी सैनिकाला ३६ महिन्यांपर्यंत शिक्षणाचा खर्च मिळतो, त्यामुळे तिथे फौजेतून थेट पूर्ण एमबीएला जाणारे भरपूर. आपल्याकडे ६ महिने. त्यात एमबीए होत नाही, आणि कोणी ‘एमबीएच्या तोडीचं’ म्हणून विकत असेल तर ऐकून सोडून द्या. हिशोबाची नजर मात्र नक्की येते, शिकवणारा चांगला असेल तर.

५ पैकी गुण: कॉस्टिंग आणि अकाउंट्सला साडेचार, एक्सेलला तीन (सगळ्यांना एकच वेग लावला, क्लार्क ट्रेडवाले कंटाळले, इन्फंट्रीवाले मागे राहिले), एचआरला एक, प्लेसमेंटला अर्धा. एकूण तीन.

स्टोअर, एमटी (वाहन विभाग), क्लार्क, सिग्नल अशा ट्रेडवाल्यांनी जरूर करावा. टेक्निकल ट्रेडचे असाल आणि मिहानमधल्या विमान दुरुस्तीच्या कंपन्यांकडे नजर असेल, तर हे सहा महिने डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लायसन्सच्या परीक्षांना द्या, त्याचा भाव जास्त आहे. अग्निवीर पोरं मला विचारतात. त्यांची चार वर्षं, पेन्शन नाही, शेवटी एकरकमी मिळणारे सेवा निधीचे ११.७१ लाख. त्यांना माझं म्हणणं असं की नोकरीत असतानाच इग्नूची पदवी पुढे न्या, कारण पूर्ण एमबीएचं दार त्यानेच उघडतं आणि बावीस-तेविसाव्या वर्षी कॅट देणं आमच्या वयात देण्यापेक्षा सोपं आहे. सेवा निधी हातात आला की आधी गाडी घेऊ नका, एवढं आगाऊपणाने सांगतो.

अर्ज युनिटमार्फत जातो, त्यामुळे शेवटचं वर्ष लागायच्या आधीच डीजीआरची कोर्सची यादी पाहून ठेवा. संस्था निवडताना ब्रोशरमधले कंपन्यांचे लोगो बघू नका. मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांचे नंबर मागा आणि त्यांना विचारा की रुजू कोणत्या पदावर झालात आणि कॉस्टिंग कोण शिकवतं. आमचे मिलवाले सर पुढच्या बॅचला नाहीत असं कळलंय. त्यामुळे माझे साडेचार गुण त्या बॅचला लागू नाहीत.